हलका हात

३ नोव्हेंबर
भंडाऱ्यात रुजू झाले. क्वार्टरच्या खिडकीतून वैनगंगा दिसते, पलीकडे कारधा. इथे निम्मं गाव तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळतं, त्यामुळे जबड्याच्या सर्जनला मरण नाही, असं ऑपरेशन थिएटरच्या नर्स गोदावरीबाई म्हणाल्या. माझ्यासारख्या नवशिक्यांसाठी नवं मशीन आलंय. पेशंटचा स्कॅन घातला की हत्यार हाडात नेमकं कुठे आहे ते पडद्यावर दिसतं. हिरवं असेतोवर कापायचं, लाल झालं की थांबायचं. सरावासाठी प्लॅस्टिकचा जबडा यायचा होता, तो आलाच नाही. मग माझाच स्कॅन काढून मशीनमध्ये घातला आणि दिवसभर खेळत बसले.

९ नोव्हेंबर
पहिलं ऑपरेशन. अड्याळच्या बेबीबाई, खालच्या जबड्यात गाठ. हिरव्यावर भरवसा ठेवून हात चालवला, छान झालं. शुद्धीवर आल्यावर त्या म्हणाल्या, "मले तं काहीच दुखून नाही राहिलं, म्याडम." गोळीसुद्धा घेतली नाही. संध्याकाळपासून माझाच ओठ बधिर आहे. दमले असेन.

१८ नोव्हेंबर
आता लाखनीहूनही लोक येतात. हर्षा म्याडमचा हात हलका आहे म्हणे. कुणालाच दुखत नाही. मला दुखतं. ज्याचं जिथे कापावं, तिथेच. जेवण म्हणजे नुसती पेज. आज पुन्हा स्वतःचा स्कॅन काढला. माझ्या हाडात खाच आहे, बेबीबाईंच्या गाठीएवढी. भीती वाटते. त्याहून जास्त झोप येते.

२१ नोव्हेंबर
काल रात्री मशीनमधून माझा स्कॅन पुसून टाकला. सकाळी मशीनच्या यादीत पुन्हा पहिलं नाव माझंच. गोदावरीबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या की थकल्या तुम्ही, रजा घ्या. थकलेच आहे. पण धनीराम भरती आहे. कॅन्सर. अर्धा जबडा काढला नाही तर तो जगायचा नाही. आणि मी काढला तर —

२२ नोव्हेंबर
धनीरामची बायको जनाबाई विचारते, "काहून थांबून राहिले?" नागपूरला न्या म्हटलं. नाही म्हणते. तिथं दुखते म्हणे.

२४ नोव्हेंबर
नकार दिला. रजेवर. तोंड उघडत नाही —
गोदावरीबाई दारातून सांगून गेल्या. काळजी नको. कालच रुजू झालेला डॉक्टर भूपेंद्र करतोय, मशीन आहे ना, कुणालाही जमतं. धनीरामला आत घेतलंय.
चिठ्ठी पाठवायला हवी. थांब म्हणून —
ओठ गेला. आता दात —
हाडात करवत —
त्याला सगळं हिरवंच दिस