खिडकीतून टाकलेला दुपट्टा

ती. बाबा,
पुण्याहून जयमालाचा नमस्कार. मी बरी आहे, जेवणही बरं आहे.

पण विमानतळाच्या नोकरीसाठी लावलेल्या ह्या इंग्रजीच्या क्लासनं डोकं उठवलं! आज मॅडमनं विचारलं, "बसमध्ये जागा कशी मिळवाल?" मी इंग्रजीत नीट सांगितलं, खिडकीतून दुपट्टा टाकायचा. सारा वर्ग हसला. म्हणे, आधी बुकिंग करते असं म्हणा. जालन्याच्या गाडीचं बुकिंग कोण करते हो बाबा?

शुक्रवारी तोंडी परीक्षा आहे. तिथंही असंच हसले तं?

आईचा गुडघा कसा आहे?

देऊळगावच्या स्टँडवर मले जागा धरायले तुम्ही टाकलेला तुमच्या खांद्यावरचा दुपट्टा माझ्याजवळच राह्यला. रोज सकाळी तो वर्गातल्या पहिल्या बाकावर टाकते. हसणारे मागं बसतात.

तुमचीच,
जयमाला