पर्वावाचून समुद्र

॥ श्री ॥

गिरगाव, मुंबई
६ नोव्हेंबर १९५६

श्रीयुत स्वामींचे सेवेशी,
कृ. शि. सा. न. वि. वि.

पाडव्याला तुम्हाला ओवाळून गाडीत बसले, ती भाऊबिजेला भालूच्या पाटासमोर उभी राहिले. धाकटा भाऊ म्हणून अजून त्याचा कान धरावासा वाटतो, पण त्याचे केस माझ्याहून पांढरे झाले आहेत. वनमाला भावजय म्हणून माझे फार करते.

मुंबई मी पाहत नाही, विकत घेते आहे. निघताना थाटीपुरातल्या प्रत्येक क्वार्टरमधून एकेक यादी हातात पडली, ती तुम्ही पाहिलीच. शेजारच्या सुधाताईंची एकटीचीच दीड पान. नायलॉनच्या रिबिनी, प्लॅस्टिकची टोपली, असल्या नव्या वस्तू. दोन दिवस क्रॉफर्ड मार्केट, मंगळदास मार्केट आणि भुलेश्वर करून पायांचे तुकडे पडले. ग्वाल्हेरच्या सवयीने एका कापडवाल्याला भैया म्हटले, तर तो शेटजी रुसून बसला. मग मुंबईची नवी तऱ्हा म्हणून त्याने काय काढले, तर चंदेरी! दौलतगंजात माझ्या माहेराखालच्या दुकानात मिळते तीच. हसावे की रडावे कळेना.

समुद्र पाहिला. काल संध्याकाळी चौपाटीवर नुसती जत्रा होती. बाहेरगावचे पाहुणे पायजमे वर खोचून पाण्यात शिरतात, भेळ खातात, वाळूत लोळतात. मी आपली कोरड्या वाळूत पाय पोटाशी घेऊन बसले. पर्वावाचून समुद्राला शिवायचे नाही, असे सासूबाईंनी लग्नाच्या वर्षीच बजावले होते. ग्वाल्हेरात समुद्र कुठून येणार, हे त्यांनाही ठाऊक होतेच म्हणा. लाट आली की मी उठून मागे पळे, आणि वनमाला हसून बेजार. अठराला कार्तिकी पौर्णिमा आहे. तेव्हा स्नान करीन आणि वीसला निघेन.

तुम्हीही हवे होतात. अठ्ठेचाळीस साली तिकिटे हातात आली होती, तेवढ्यात रियासत विलीन झाली आणि दप्तरे सोपवायची म्हणून तुमची रजा गेली. तेव्हापासून समुद्राचा विषय काढला नाही, पण मनातून गेला नव्हता.

पडद्यांसाठी छान कापड पाहिले आहे. खिडक्यांची मापे कळवा. भोपाळ नवी राजधानी झाली, तर तुमच्या तिकडच्या बदलीचे काही कळले का?

आहे तो लोभ दूर असतानाही तसाच राहू द्यावा, ही विनंती.

आपली,
सौ. शांता


॥ श्री ॥

थाटीपूर, ग्वाल्हेर
९ नोव्हेंबर १९५६

चि. सौ. शांता हिस,
अनेक आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र आज आले. इकडे क्षेम. जेवणाची आबाळ नाही. सुधाताई रोज डबा पाठवतात आणि डब्याबरोबर टोपलीची आठवण. टोपली हिरवी हवी, लाल नको, असा आजचा निरोप आहे.

कचेरीत धूळ फार. दप्तरे लाल कापडात बांधायचे काम चालू आहे. आधी रियासत, मग मध्य भारत, आता मध्य प्रदेश. आठ वर्षांत रबरी शिक्के बदलले, खुर्ची तीच आणि तिच्यावरचा माणूसही तोच. परवा नवा शिक्का मी उलटा उमटवला. साहेबांनी त्याखालीच सही केली. तेही थकले आहेत.

भोपाळची काळजी तू करू नकोस. डिसेंबरपर्यंत आमच्या शाखेला कोणी हलवत नाही, असे ऐकतो. तू पर्व साधूनच ये. आधी मुळीच निघू नकोस, हे मुद्दाम लिहितो.

पडद्यांचे कापड तूर्त राहू दे, जुने पडदे बरे आहेत. एक-दोन गोष्टी कळव. दाभण कुठे ठेवतेस? कंदिलाच्या काचा गवतात गुंडाळाव्या की जुन्या धोतरात? आणि जात्याचा वरचा दगड एकट्याला उचलवतो का? सहज विचारले.

कंबर किंचित धरली आहे. थंडीमुळे असेल.

भेळ बेताने खा. माझ्यासाठी काही आणू नकोस. लोभ आहेच, तो कागदावर किती मांडायचा.

सदाशिव


॥ श्री ॥

गिरगाव, मुंबई
१२ नोव्हेंबर १९५६

श्रीयुत स्वामींचे सेवेशी,
कृ. शि. सा. न. वि. वि.

पत्र आज सकाळी मिळाले. इतकी वर्षे सरकारी कागद लिहूनही तुम्हाला खोटे लिहिता येत नाही. चौतीस वर्षांत दाभण कुठे असते हे तुम्ही कधी विचारले नाही. पडदे नकोत, दाभण हवे, वर कंबर धरलेली. मला कळायचे ते कळले.

भालूला जेवायला बसवले आणि आमटीची वाटी हातात धरून ठेवली. तेव्हा त्याने सगळे कबूल केले. तुम्ही त्याला वेगळे पत्र घातले होते. अठराला क्वार्टरची किल्ली द्यायची, एकोणीसला भोपाळात हजर व्हायचे, आणि माझी गाडी भोपाळवरूनच जाते म्हणून मला तिथेच फलाटावर उतरवून घ्यायचे! म्हणजे मी इथे पुण्य करत असताना तुम्ही दुखऱ्या कमरेने माझ्या घराला एकटेच कुलूप लावणार.

मला फार राग आला. या खेपेला तरी हिची हौस सरकारने खाऊ नये, हे तुमच्या मनातले समजते. पण मी दौलतगंजात जन्मले, शिंदे की छावनीत सून म्हणून आले, थाटीपुरात केस पिकले. शेजारणींना कुंकू न लावता, तुळशीला हात न लावता, ते सगळे गाडीतल्या गाडीत कसे सोडू? पौर्णिमा राहिली तर राहिली. समुद्राची कोणी भोपाळला बदली करत नाही.

गुरुवारचे तिकीट काढले आहे, शुक्रवारी पोचते. जात्याला हात लावू नका. दाभण मसाल्याच्या डब्यामागे, तेलाच्या रिकाम्या बाटलीत आहे. काचा धोतरात गुंडाळा, पण नव्या नको.

आता एक कबुली माझीही. आत्ता संध्याकाळी एकटीच चौपाटीवर जाऊन आले. पर्व नाही, काही नाही, साधी दशमी. सासूबाईंची मनात क्षमा मागितली आणि चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यात गेले. पाठमोरी झाले तोच लाट आली, लुगडे भिजले, एक अनोळखी बाई हसली, मीही हसले. सगळ्या बाजारांचा शीण उतरला. मग एकदम तुमची आठवण आली आणि पुढे जाववेना.

पाप लागायचे ते लागले. पण ते एकटीने घ्यायचा माझा विचार नाही. सुधाताईंच्या हिरव्या टोपलीतून एक बाटली आणते आहे, तिच्यात समुद्र आहे. शुक्रवारी तुम्ही क्वार्टरच्या पायरीवर पाय सोडून बसायचे. मी पाणी घालीन. कुलूप त्यानंतर दोघांनी मिळून लावू.

सामान बांधताना लोभ तेवढा सगळ्यांत वर ठेवावा, आल्याबरोबर लागेल.

आपली,
सौ. शांता