‘अंगण’ राहिलेली प्रत

वरचीवाडी, देवरूख
१२ जानेवारी २०२५

चि. निशिगंधा हिस,
अ. उ. आ.

तुझा पेनड्राइव्ह पोचला. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने लावते, म्हणून आपलं नेहमीसारखं पत्रच बरं. शेजारच्या सुजयच्या टीव्हीवर सिनेमा पाहिला. आवाज इतका मोठा करायला लावला की त्याची म्हैस दावं ओढायला लागली.

सिनेमा चांगला झालाय. मास्तरीण म्हणून सांगते, आत्या म्हणून नाही. आपली मथुरा ब्याऐंशीव्या वर्षी पडद्यावर सासू झाली आणि शोभली. नावाचं मात्र तू बघ. सुजयचा विरारचा मेव्हणा ‘दाढ’ हे नाव वाचून विचारत होता की दातांच्या डॉक्टरवर सिनेमा आहे का. भाताच्या रोपांना दाढ म्हणतात हे त्याला आता सांगावं लागतं, म्हणजे झालंच.

चूक एकच सापडली, पण ती मोठी आहे. रुसलेल्या सुनेला सासू म्हणते, अंगणात ये. आपल्याकडे कुठली सासू अंगण म्हणते गो? खळं म्हणतात. अंगण पुस्तकात असतं. बोलीचा सिनेमा काढतेस तर ते आधी बदल.

मथुरा तुझी आठवण काढते. भाट्याच्या वाऱ्यात संध्याकाळी डोकं उघडं टाकून फिरू नकोस.

तुझी आत्या,
तुळसा


रत्नागिरी
२३ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू अंगण पकडलंस आणि मला लाज वाटली. खरं सांगते, चूक मथुराकाकूची नव्हती. पहिल्या वेळी ती सरळ खळ्यातच म्हणाली होती. मी तिला थांबवलं आणि कागदावर लिहिलंय तसं म्हणायला लावलं. पुण्यात शिकले त्याचा हा परिणाम. सुदैवाने तिचं ते पहिलं बोलणं सापडलं, ते आता जोडलंय. ‘अंगण’वाली प्रत जगात एकच आहे, तुझ्या घरातली. बाकी सगळीकडे खळंच जाईल.

पुढचं ठरलंय ते असं. फेब्रुवारीच्या शेवटी मुंबईत आपल्या गावाच्या मंडळाच्या हॉलमध्ये पहिला खेळ. मग शिमग्यात चाकरमानी गावी आले की संगमेश्वर तालुक्यातल्या आठ गावांत पडदा आणि प्रोजेक्टर घेऊन फिरायचं. आपल्या बोलीतला सिनेमा कुठलं थिएटर लावत नाही, त्यामुळे आपणच दारोदार जायचं. हे खेळ भरले तर जुलैत मथुराकाकूची भातलावणीची गाणी, चिखलात उभी राहून म्हणताना, पुढच्या मोठ्या सिनेमासाठी घ्यायची आहेत. ती गाणी येणारी आता ती एकटीच.

पुण्याच्या एका लग्नांचे व्हिडिओ करणाऱ्या कंपनीने नोकरी देऊ केलीय. मार्चअखेर कळवायचंय. खेळ भरले तर नाही म्हणणार. तू देवीला सांगून ठेव, तुझं ती ऐकते.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.
निशिगंधा


रत्नागिरी
१ मार्च २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मुंबईचा खेळ झाला नाही. मंडळाच्या सेक्रेटरींनी आदल्या दिवशी कळवलं की सिनेमा सगळ्यांनी फोनवर पाहिलाय, आता हॉल कोणासाठी उघडायचा. मी आधी समजलेच नाही. मग त्यांनीच मला माझा सिनेमा पाठवला. वर कुठल्याशा मोबाइलच्या दुकानाचं नाव चिकटवलंय, खाली माझं नाव कापलंय. काढायला लावला तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नावाने परत येतो. आठ गावांपैकी सहांनी नको म्हणून सांगितलं.

चोरी झाली असं कोणाला वाटतच नाही, हे सगळ्यात जड जातं. लोक आपणहून फोन करून कौतुक करतात आणि ठेवताना सांगतात की आम्ही पुढे चाळीस जणांना पाठवलाय, तुझं नाव होईल. मी आभार मानते. दुसरं काय म्हणू?

काल तो पूर्ण पाहिला. त्यात सासू अंगणात ये म्हणते. आत्या, ती प्रत फक्त तुझ्याकडे होती. मला खरं कळव. उगाच सुजयला पाठीशी घालू नकोस.

निशिगंधा


वरचीवाडी, देवरूख
६ मार्च २०२५

चि. निशिगंधा हिस,
अ. उ. आ.

सुजयचा दोष नाही. मीच त्याला सांगितलं.

फणस कापला की गरे वाडीत प्रत्येक घरी गेल्याशिवाय आपल्या घरात कोणी तोंडात घालत नाही, हे तू पाहिलंयस. माझ्या भाचीने सिनेमा केला आणि मी एकटीने पाहिला, हे मला बरं वाटेना. सुजयला म्हटलं, वाडीच्या ग्रुपवर घाल, मुंबईची पोरंही बघतील. त्याने दोनदा विचारलं की निशिगंधाताईला चालेल का. मी म्हटलं, तिला काय विचारायचं, ती आपलीच आहे. मला वाटलं तो वाडीतच राहील. गरे वाडीत वाटले की संपतात. हे संपत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं, न विचारता दुसऱ्याची वस्तू घ्यायची नाही म्हणून.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. काल देवळात पालखीच्या बैठकीला गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की हा सिनेमा मी वाटला, तो वाटायचा माझा हक्क नव्हता, ज्याने पाहिला त्याने खेळाला यायचं. गावकार म्हणाले, मास्तरीणबाईंनी सांगितलंय तर येऊ. आपल्या वाडीचा खेळ तू रद्द करू नकोस. पालखी घरोघर फिरून झाली की सतरा तारखेला शाळेत ठेवलाय.

तुझ्यासमोर यायला मला संकोच वाटतो, पण ये.

तुझी चुकलेली आत्या,
तुळसा


वरचीवाडी, देवरूख
२० मार्च २०२५

चि. निशिगंधा हिस,
अ. उ. आ.

शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांतसुद्धा पोरं. मला इतका आनंद झाला की विचारू नकोस. लोक बघितलेला सिनेमा पुन्हा बघायला आले, तुझ्यासाठी आले.

पण तू चहा न घेता गेलीस. प्रोजेक्टर आवरताना तुझे डोळे मी पाहिले. सासू सुनेला बोलावते तिथे सगळी शाळा एकदम काहीतरी ओरडली आणि हसली. मी पुढे बसले होते, कानातलं यंत्र शिट्टी मारत होतं म्हणून काढून ठेवलं होतं. सुजयला विचारलं तर तो मान खाली घालतो. मथुरेला विचारलं तर ती म्हणते, काही नाही, पोरं मस्करी करत होती. मला कोणी सांगत नाही. तू सांग.

मथुरा विचारतेय लावणीला कधी येणार. तिने इरलं माळ्यावरून काढून पुसून ठेवलंय.

तुझी वाट बघणारी,
आत्या


रत्नागिरी
२९ मार्च २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

विचारलंस म्हणून सांगते. पडद्यावर मथुराकाकू म्हणाली, खळ्यात ये. आणि सगळी शाळा ओरडली, अंगणात! त्यांना सिनेमा पाठ आहे, तुझ्या प्रतीतला. मागच्या बाकावरची एक पोरगी आईला सांगत होती की या बाईंनी डायलॉग चुकवला. काकू तिथेच बसली होती. तीही हसली. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाली की आता खळं कोण म्हणतंय, राहू दे अंगण.

लोक आले त्याचं मला बरं वाटलं, हेही खरं आहे. तुझ्या शब्दासाठी आले. पण नको म्हणालेल्या सहा गावांत तू नाहीस. हा सिनेमा आपले शब्द राहावेत म्हणून केला होता. चूक मी लिहिली, तू वाटलीस आणि ती आता पोरांच्या तोंडात बसली. कोणाच्या पदरात किती घालायचं ते मला ठरवता येत नाही.

काल पुण्याच्या नोकरीला होकार कळवला. एक मेपासून हजर व्हायचंय. पहिल्या वर्षी रजा नाही, त्यामुळे जुलैत मी येत नाही. मथुराकाकूला हे तू सांग. मला सांगवणार नाही.

पुण्याचा पत्ता मागे लिहिलाय. तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. जाईल तेव्हा पहिलं तुलाच कळवीन. तोवर पत्रं थांबवू नकोस, आणि लोभ जरा पुरवून ठेव.

निशिगंधा