बाबांचा गुडघा आणि जीपचा गिअरबॉक्स

तीर्थरूप केदारमामांस,

दातिवऱ्याहून उन्नतीचा नमस्कार. (वाकूनच केला आहे, राग तुमच्यावर नाही.) मामींची कंबर कशी आहे? बोईसरच्या कारखान्यातली तुमची रात्रपाळी संपली असेल असे धरून लिहिते. नसेल तर झोप झाल्यावर वाचा. इकडे आई बरी आहे, बाबांचा डावा गुडघा बरा नाही, आणि तुम्ही दिलेल्या जीपबद्दल कोणत्या तोंडाने लिहू तेच समजत नाही.

गुडघ्यामुळे बाबांना क्लच दाबवेना. घरात परवाना असलेली मुलगी आहे. तिला गाडी बाबांनीच शिकवली, ओहोटीच्या वाळूत, आरसा न बघितल्याबद्दल टपल्या मारून. तेव्हा आईचे मासे बोईसरच्या बाजारात आता मीच नेणार, असे कुणालाही वाटेल. बाबांना वाटले, गाडीच बदलावी. म्हणजे सगळी नव्हे, फक्त पोट. बोईसरच्या मेहुल मेकॅनिकने अपघातातल्या एका गाडीचा ऑटोमॅटिक, म्हणजे बिनक्लचचा, गिअरबॉक्स आणून आपल्या म्हाताऱ्या जीपमध्ये बसवला. (आरटीओला विचारले का, हे मी मेहुलला विचारले, त्याने बाबांकडे बोट दाखवले; बाबांना विचारले, त्यांनी मेहुलकडे. तेव्हापासून खाकी कपड्यातला माणूस दिसला की मी दाराआड होते. परवा तो पोस्टमन निघाला.) मुलीच्या हातात चाक देण्यापेक्षा जीपचे पोट फाडणे ज्याला सोपे वाटते, असा माणूस अख्ख्या किनाऱ्यावर दुसरा नसेल.

मेहुलने बाबांना नवा दांडा दाखवला: पुढे, मध्ये, मागे. बाबा खूश होऊन म्हणाले, ही तर आपली बोटच. मला तेव्हाच धडकी भरली. तुम्हाला माहीतच आहे, बोटीला ब्रेक नसतो. धक्क्याला लावताना बोट चालवणारा, बाबांसारखा तांडेल इंजिनाचा दांडा मागे टाकतो आणि बोट थांबते. सोमवारी बेटेगावापाशी कारखान्याची बस समोर थांबली आणि बाबांनी अगदी शांतपणे जीप धक्क्याला लावली. गाडीने असा हिसका दिला की टोपलीतले बोंबील बर्फाच्या पाण्यासकट आईच्या मांडीवर आले, एक माझ्या खांद्यावर राहिला. मागचे रिक्षावाले हिंदीत काय म्हणाले ते लिहिण्यासारखे नाही. बाबा म्हणाले, "बोटीला ब्रेक कदी होता? चाळीस वर्सं थांबतेच ना?"

आई बोंबील वेचत म्हणाली, "उद्यापास्नं पोरगी चालवंल. नायतर बाजार तू कर, मी बोटीत बसतंय."

त्या हिसक्याने बिघडलेली जीप तेव्हापासून मेहुलकडे. आईचे मासे दुसऱ्यांच्या टेम्पोतून उशिरा पोचतात आणि बाजारातल्या तिच्या जागेवर पालघरची एक बाई पाट टाकून बसू लागली आहे. ती एकदा पक्की बसली की उठणार नाही. बाबा फक्त तुमचे ऐकतात (तुम्ही आलात की सदराही घालतात). तेव्हा चाक मला द्यायला त्यांना सांगा.

आपली भाची,
उन्नती

ता. क. चूक राहू नये म्हणून पत्र मोठ्याने वाचत होते, ते बाबांनी ऐकले. ते तयार झाले आहेत. चाक मी धरायचे. ते शेजारी बसणार आणि दांडा त्यांच्या हातात राहणार. बोटीवर असेच असते म्हणे, सुकाणू एकाकडे, इंजिन दुसऱ्याकडे.

ता. क. २. मामा, वरची विनंती रद्द समजा. जुना गिअरबॉक्स अजून मेहुलच्या गॅरेजात पडला आहे आणि बाबा तो होडीच्या नांगरासाठी आणणार आहेत. त्याआधी, पत्र मिळताच, जाऊन तो ताब्यात घ्या आणि जीपमध्ये परत बसवायला सांगा. जुन्याला क्लच आहे; तो दाबल्याशिवाय शेजारी बसलेल्याला दांडा हलवता येत नाही, आणि क्लचवर पाय माझा असेल.