इत्तोच्या अकरा झाडांचं पाणी

१२ एप्रिल, शनिवार

अद्दी स्वतः माझ्या दारात! बावीस वर्षांत पहिल्यांदा. गावच्या पाण्याची पाळी वाटणारा माणूस, सगळे त्याच्या दारात जातात, आणि हा इथे उभा. "उस्ताद, उद्या तुइझा आहे. भुयारी पाटातला गाळ काढायचाय. घरटी एक माणूस. येशील?"

असल्या सामाईक श्रमदानाला मी कधी गेलो नाही. का जावं? बावीस वर्षांपूर्वी पाट सोडला, माझी विहीर मी खणली. तीन वर्षांपूर्वी डिझेल इंजिन काढून सोलरचा पंप बसवला तोही मीच, कुणा इंजिनिअरला न विचारता. त्यांच्या पाटातला थेंब मी घेत नाही. मग आत्ताच माझी आठवण का?

तूदा म्हणाली, "माणूस बोलावतोय तर जावं." बायकोला सगळंच सोपं वाटतं.

१३ एप्रिल, रविवार

गेलो. अद्दीसाठी नाही — इत्तोसाठी. पाटाच्या अगदी शेवटी तिची बाग. खजुराची अकरा झाडं, दुसरं काही नाही. तीन वर्षं झाली, पाणी तिच्यापर्यंत धड पोचतच नाही. आज चहा ओतता ओतता सगळ्यांसमोर म्हणाली, "या उन्हाळ्यात झाडं गेली की मीपण गेले. लेक बोलावतेय मेकनेस शहरात. चौथा मजला म्हणे!" हसली. बाकी कुणी हसलं नाही.

तिच्या नवऱ्याने मला आयुष्यातलं पहिलं इंजिन उघडायला दिलं होतं. परत जोडता येईल की नाही हे मलाही ठाऊक नव्हतं.

तर पाणी कुणीतरी खातंय. कोण, ते शोधायला गेलो. गाळ हे निमित्त.

काम असं — जमिनीत उतरायला एका रांगेत एकवीस तोंडं. एकजण खाली वाकून गाळ भरतो, वरचे दोघे रहाटाने ओढतात. माझ्या हाताला चार फोड. रहाटावरच्या बेराहोचा टोमणा — "उस्ताद, याला बटण नसतं हं!" मी म्हटलं, बटण नाही, पण रहाटाचा आस वाकडा आहे, म्हणून तुमची निम्मी ताकद फुकट जातेय. आस खरंच वाकडा होता.

१५ एप्रिल, मंगळवार

आस सरळ करून, वेल्डिंग मारून नेऊन दिला. फुकट. अद्दीने उलटसुलट करून पाहिला, "अल्ला तुझे हात शाबूत ठेवो" म्हणाला. गोड बोलणाऱ्यापासून चार हात दूर.

माझा संशय वाटीवर. तांब्याची, बुडाला भोक. बादलीत तरंगत ठेवायची, भरून बुडाली की एक वाटी पाणी संपलं, दुसऱ्याची पाळी. एखाद्या पाळीला जरा मोठ्या भोकाची वाटी ठेवली की ती लवकर बुडते, आणि शेवटच्या बाईचं पाणी लवकर तुटतं! कोण तपासणार?

मी तपासलं. घड्याळ लावून. अद्दीच्या पाळीला अकरा मिनिटं चाळीस सेकंद. इत्तोच्या पाळीलाही तेवढीच. तीनदा.

वाटी खरी आहे. म्हणजे चोरी दुसरीकडे.

१९ एप्रिल, शनिवार

आज स्वतः खाली उतरलो. वय बावन्न, पण कंबर शाबूत. काठीवर बोटांच्या खुणा करून नेली होती. पहिल्या तोंडापासून चौदाव्यापर्यंत पाणी अकरा बोटं, फार तर साडेदहा. इत्तोच्या टोकाला — दोन!

पंधराव्या तोंडाकडे निघालो तर अद्दी आडवा आला. "तिथे नको, उस्ताद. माती कच्ची आहे."

कच्ची? तिथून चाळीस पावलांवर माझी विहीर आहे. मी खणलीय ती. दगडासारखी माती! छिन्न्या तुटल्यात माझ्या.

खोटं बोलला. माझ्याकडे न बघता. आणि बेराहोने लगेच विषय बदलला. सगळे सामील आहेत.

घरी येऊन तूदाला सांगितलं, पंधरावर काहीतरी लपवतायत. ती भाकरी थापत होती. थापतच राहिली.

२२ एप्रिल, मंगळवार

पुन्हा गेलो. आता खाडा केला तर संशय येईल त्यांना. (शिवाय नव्या आसाचा रहाट एका हाताने फिरतो. बघायला बरं वाटतं.)

इत्तोच्या झाडांची खालची पानं वाळलीत. मोजली नाहीत.

२६ एप्रिल, शनिवार

वादळ. कालपासून घराबाहेर हात दिसत नाही. वाळू दातात, चहात, पांघरुणात. सोलरच्या प्लेटांवर बोटभर थर, पंप बंद. टाकी भरलेली आहे, काळजी नाही.

२७ एप्रिल, रविवार

वारा पडला. आणि इत्तो धावत आमच्या अंगणात — चप्पल एकाच पायात! "आलं रे, हद्दू! पाणी आलं! घोट्याएवढं!"

काठी घेऊन गेलो. नऊ बोटं! बायका तिथे टाळ्या पिटत होत्या. गाळ काढला त्याची बरकत, म्हणे. अद्दी नुसता माझ्याकडे पाहत होता.

मला बरकत पटत नाही. गाळ काढून पाच दिवस झाले, आणि पाणी नेमकं वादळात येतं? चोर वादळाला घाबरून दोन दिवस घरात बसला, हे उघड आहे. आता पुन्हा सुरू करेल. तेव्हा धरीन.

२८ एप्रिल, सोमवार

सकाळी आठला प्लेटा पुसल्या, पंप सुरू. पाण्याला छान जोर.

दुपारी एकला इत्तोकडे मोजलं — सात बोटं. चारला — चार.

सुरू झाला चोर! चार वाजताच काठी घेऊन पंधरा नंबरकडे निघालो. कुणी अडवलं नाही आज, कुणी नव्हतंच. उतरलो. वरून येणारं पाणी अकरा बोटं. पुढे जाणारं चार. मधल्या भिंतीला ना भोक ना भेग. पाणी तळातूनच मुरत होतं, एका बाजूला ओढल्यासारखं.

दोर धरून वर आलो. तोंडातून डोकं बाहेर काढलं तर समोर आमचं कुंपण, दोरीवर तूदाने वाळत घातलेला माझा सदरा. आणि आवाज. एकसारखा, कुठेही न अडकणारा. असा चालणारा पंप या भागात एकच आहे.

मी तसाच उभा. निम्मा जमिनीत.

घरी येऊन तूदाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग कुणी बोललं का नाही?"

"तुम्हाला? कोण सांगणार? अद्दी म्हणाला, त्याला बोलावू. मोजल्याशिवाय राहणार नाही तो, आणि पंधरावर नको म्हटलं की तिथेच उतरेल."

१ मे, गुरुवार

पंप बंद करून विहिरीतले पाइप वर काढले. दहा तुकडे, पुसून शेडमध्ये. अद्दीकडे गेलो, बसलो नाही. विचारलं, पाटावर पाळी मागायची तर काय करावं लागतं?

"मागायची कशाला? तुझ्या बापाच्या चार वाट्या आहेत. बावीस वर्षं कुणाच्या नावावर केल्या नाहीत. शनिवारी घे, इत्तोच्या आधी."

म्हटलं, इत्तोच्या नंतर.