मोबाईल बंद ठेवायची जागा

१२ ऑक्टोबर २०१५, सोमवार. सकाळी.
ठरलं. साखर कारखान्याचं चेअरमन व्हायचं. निवड शनिवारी.
जुन्या चेअरमननी पंधरवड्यापूर्वी राजीनामा दिला. कारण तब्येत. परवाच पित्राच्या जेवणात माझ्या शेजारी बसून बोटं चाटून जेवले. असो. माणूस कारखान्यातून बाहेर पडला की भूक वाढत असेल.
माझा जन्म उसाच्या फडावर, पाचटाच्या झोपडीत, कोपीत. पुढं टोळीचा मुकादम झालो, मग ट्रॅक्टर, मग संचालक. ज्या केबिनबाहेर बापानं चपला काढून दिवस काढले, त्याच केबिनमध्ये बसायचं. एवढं एक राहिलंय.

तोच दिवस. संध्याकाळी.
शहादेव आला होता, बायकोला घेऊन. मुकादमकीपासून माझ्या टोळीतला माणूस. बुधवारी कर्नाटकच्या कारखान्याची ट्रक गावात येतेय. दुष्काळामुळे टोळ्या औंदा दसऱ्याआधीच निघाल्यात. जावं का थांबावं, विचारत होता. म्हणालो, थांब. दसऱ्याला आपला बॉयलर पेटणार, तुझ्या टोळीला पहिला फड. शब्द आहे माझा.
सावित्रीबाई म्हणाल्या, "मंग लेकरांची साळा व्हईल की आण्णा औंदा." डोळ्यांत पाणी आलं. माझ्या.

१३ ऑक्टोबर. घटस्थापना.
प्लॅनिंग. चेअरमन आम्ही संचालकच आमच्यातून निवडतो. निवडीआधी संचालकांना सहलीला नेऊन नजरेखाली ठेवायचं, ही आपल्याकडची जुनी पद्धत. मागं गोवा झालंय, महाबळेश्वर झालंय. पण गावात टँकर आणि संचालक समुद्रावर, असा फोटो पेपरात आला तर बरं दिसत नाही. म्हणून मी 'अभ्यास दौरा' काढला. नारायणगावच्या पुढं शास्त्रज्ञांची मोठी संस्था आहे, आकाशातला आवाज ऐकायच्या दुर्बिणी. जगात नाव आहे म्हणे.
खरी गोम वेगळी. तिथं मोबाईल बंद ठेवावा लागतो. सायलेंट नाही, पूर्ण बंद. माणसं फुटतात ती आदल्या दिवशी, आणि आदला दिवस शुक्रवार. विरोधातले भगवानराव दिवसभर फोन लावत बसतील आणि आमची मंडळी आकाशाचं ऐकत असतील!
हे डोकं कॉलेजात गेलं असतं तर काय झालं असतं, असं बायकोला, बायनाबाईला विचारलं. ती म्हणाली, "टँकर आलाय. हंडा उचला."

१४ ऑक्टोबर.
भगवानरावांचा फोन. दोन पिढ्या चेअरमनकी त्यांच्या घरात, त्यामुळे आवाजात अजून तूप आहे. म्हणाले, "आण्णा, दौऱ्याला माझी गाडी न्या. मोठी हाय. मंडळी ऐसपैस बसतील." माणूस खचला की असा उदार होतो. गाडी घेतली, ड्रायव्हर माझा ठेवला. कच्चा नाही मी.
ट्रक येऊन गेली. शहादेवची टोळी थांबली. बाकीचे गेले. त्यांना दूरदृष्टी नाही.

१५ ऑक्टोबर, गुरुवार.
निघालो. उत्तरेश्वर, गहिनीनाथ, पंडित, सगळे संचालक सोबत. कडा गावात चहा. उपवासवाल्यांना केळी. उत्तरेश्वर नवरात्रात अनवाणी, त्यामुळे दर थांब्यावर "डांबर लई तापलंय" हे ऐकावं लागतं.
वाटेत चारा छावण्या दिसल्या. जनावरं हिरवागार ऊस खात होती. बघून बरं वाटलं. गहिनीनाथ म्हणाला, त्याचा सगळा ऊस छावणीला गेला. उत्तरेश्वरचाही. मी म्हणालो, मुक्या जनावरांची सेवा आहे. माझाही थोडा दिलाय. थोडा म्हणजे होता तेवढा. चेअरमन होणाऱ्या माणसानं एका फडाचा विचार करत बसू नये. बाकीच्यांचा आहेच की.
माझे कान तिखट, मागच्या सीटवरची कुजबुज पुढं ऐकू येते. उत्तरेश्वर म्हणत होता, "बसू द्या की आण्णाला. औंदा कुणीतरी बसायलाच पायजे." गहिनीनाथ म्हणाला, "त्याच्यावानी माणूस पुन्हा घावणार न्हाई."
झोपेचं सोंग घेतलं, पण ऊर भरून आला.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार.
संस्था पाहिली. गेटवर मोबाईल बंद करून घेतले. मी स्वतः एकेकाचा तपासला. आत रानात मोठमोठ्या तारेच्या पराती, आभाळाकडं तोंड करून. माणूस खाली मुंगीएवढा.
उत्तरेश्वरनं विचारलं, पाणी धरायला का? गहिनीनाथ म्हणाला, "जाळीची हाय बे. पाणी गळून जाईल. आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्यावानी." तो बंधारा आमच्याच सोसायटीनं बांधलेला. हसलो नाही.
समजावून सांगणाऱ्या मॅडम तरुण, पण शांत. म्हणाल्या, आज इथं जे पोचतं, ते तिकडून फार फार पूर्वी निघालेलं असतं. पंडितांनी विचारलं, मग ज्यानं पाठवलं तो अजून आहे का? मॅडम म्हणाल्या, काही तारे विझूनही गेले असतील. उत्तरेश्वर लगेच, "म्हंजे आपला कारखाना. भोंगा वाजतो, आत काय न्हाई." सगळे पोट धरून हसले. मॅडमही. उपमा बरी होती, पण संचालकानं करायची नव्हती.
मी अभ्यासू प्रश्न विचारला. यातून पावसाचं काही कळतं का? मॅडम म्हणाल्या, नाही, आम्ही फार लांबचं बघतो. म्हणालो, आम्हीही. त्यांना आवडलं असावं. पुढच्या मंडळींकडे वळल्या.
बाहेर येऊन मोबाईल चालू केले. भगवानरावांचा कुणालाच एक मिस्ड कॉल नाही. घाबरलेत. माझ्या मोबाईलवर मात्र आमच्या शेतकी अधिकाऱ्याचे फोनवर फोन. निवडीच्या आदल्या दिवशी शेतकीचं काय ऐकायचं? उचलला नाही.

१७ ऑक्टोबर, शनिवार.
चेअरमन! बिनविरोध!
भगवानरावांनी अर्जच भरला नाही. उलट माझ्या अर्जावर सूचक म्हणून त्यांची सही. मला मिठी मारली. म्हणाले, "आण्णा, आता तुमीच सांभाळा." एवढ्या मोठ्या घरातला माणूस, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. टाळ्या, हलगी, गुलाल. सगळ्या संचालकांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. जणू डोक्यावरचं ओझं उतरलं.
खुर्चीवर बसलो. मऊ आहे. फिरते.

१८ ऑक्टोबर.
गुलाल निघेना. बायनाबाई म्हणाली, अंघोळीचं पाणी परवाच्या टँकरला. तोवर असेच मिरवा.
शहादेवला निरोप धाडला, कोयते पाजळून ठेव.

१९ ऑक्टोबर, सोमवार.
शेतकी अधिकारी केबिनमध्ये. शुक्रवारी हेच सांगायचं होतं म्हणे. कार्यक्षेत्रात ऊस नाही. कागदावर आहे, रानात नाही. छावण्यांना गेला. बॉयलर पेटवला तर दोन दिवसांत विझवावा लागेल.
त्याला म्हणालो, संचालकांचा ऊस आणू, बाकीचे मागून येतील. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "साहेब, पयला संचालकांचाच गेला."
हे सगळ्यांना ठाऊक होतं का, विचारलं. म्हणाला, जुन्या चेअरमनना सांगितलं, त्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला.
अधिकारी निराशावादी आहे. बदली करू.

२० ऑक्टोबर.
तातडीची मीटिंग बोलावली. कुणी आलं नाही. फोन लावले. उत्तरेश्वर बंद, गहिनीनाथ बंद, पंडित बंद, भगवानराव बंद. दौऱ्याची शिस्त मंडळींच्या अंगात मुरलेली दिसते.
खुर्ची फिरवली की किर्र वाजते. तेल द्यायला सांगितलं. तेल नाही.

२१ ऑक्टोबर.
'यंदाचा गळीत हंगाम बंद' या नोटिशीवर सही केली. चेअरमन म्हणून पहिली सही. इंग्रजीत केली, ठसठशीत आली.
भगवानराव अखेर सापडले, बीडला कोर्टाजवळ. म्हणालो, मालक, आधी सांगायचं होतं. ते म्हणाले, "तुमी विचारलं कुठं? तुमी तर आमचे फोन बंद करायला निघालतात." पाठीवर थाप मारून गाडीत बसले. तीच मोठी गाडी.
कर्नाटकातल्या ओळखीच्या मुकादमाला फोन केला. एक टोळी घे म्हणालो, कामात कसलेली माणसं आहेत. तो म्हणाला, कोप्या भरल्या, आता बैलालासुद्धा जागा नाही. कोण बोलतंय, विचारलं. चेअरमन म्हणालो. तो बराच वेळ हसला. लाईन खराब होती, नाहीतर दोन शब्द सुनावले असते.

२२ ऑक्टोबर, दसरा.
बॉयलरची पूजा केली. नुसती पूजा. नारळ फोडला, पाणी खाली सांडलं, तेवढंच. भटजी म्हणाले, पेटवायचं नाही तर मंत्र कोणता म्हणू?
शहादेवला कुणीतरी सांगितलं असणार. तरी आला. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली, पाया पडला. मी सांगायला सुरुवात केली, दुष्काळ, छावण्या, शासनाचं धोरण. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "व्हय साहेब." आजवर आण्णा म्हणायचा. पदाचा मान माणसं आपोआप राखतात.
शिपाई सांगत होता, सावित्रीबाई पोरांना आणि भांड्यांच्या गाठोड्याला घेऊन सकाळपासून फाट्यावर बसल्यात. एखादी ट्रक मागं राहिली असली तर, म्हणून. पोरांच्या शाळेच्या पिशव्याही त्याच गाठोड्यात बांधल्यात म्हणे.
संध्याकाळी कारखान्याच्या गाडीनं घरी निघालो. ड्रायव्हरला म्हणालो, फाट्यावरून नको, मागच्या रस्त्यानं घे. लांब पडतं, पण तिकडचा रस्ता चांगला आहे.