कोपराखाली चार बोटं

९ फेब्रुवारी २००३, रविवार

आणि नवरा वरून म्हणते, "पदर खोचून घेत जाय." जशी काही पदराची चूक आहे!

पोट ओलं. दोन्ही बाह्या ओल्या. ताट धरलं की पाणी मनगटावरून कोपराकडं, कोपरावरून थेट काखेत. बावीस वर्षं मागच्या अंगणात उकिडवं बसून राखेनं भांडे घासले, तेव्हा एवढी भिजली नाही. आता घरात सिंक येणार, उभ्यानं भांडे घासणार, म्हणून गल्लीभर सांगून ठेवलं होतं. आलं सिंक. माझ्या छातीला लागते.

नवरा मिस्त्री. बोरगाव मेघ्यातल्या अर्ध्या घरांचे ओटे त्याच्या हातचे. आणि सिंक बसवते कोणत्या मापानं? स्वतःच्या पट्ट्याच्या! भिंतीला टेकून उभा राहते, पट्ट्यावर हात ठेवते, तिथं पेन्सिल मारते. झालं माप. तो पाच फूट दहा. मी चार फूट नऊ. टेप खिशातच.

तोंडावर मी तुमी-तुमी करते. इथं 'मिस्त्री' लिहीन, नाहीतर नुसतं 'तो'. कागदाला काही वाटत नाही.

ही डायरी पण त्यालाच मिळालेली, सॅनिटरीच्या दुकानातून, नव्या वर्षाची. त्याला काय लिहायचं असते! मी घेतली. चौथी शिकली आहे, तेवढं पुरते. वर एका बाईचा फोटो. पांढरी साडी, तोटीवर एक बोट, हसून राहिली. अंगावर थेंब नाही. सिंकमध्ये एक वाटीसुद्धा नाही. मग घासते कोण, हिची सासू?

११ फेब्रुवारी

पाटावर उभी राहून घासत होती. ओला पाट सरकला. गुडघा सुजला. हातातला वरणाचा गंज, एवढं मोठं पातेलं, मात्र पडू दिला नाही.

१६ फेब्रुवारी

गुडघ्याला हळद लावून बसली होती. विचारलं, आजवर किती सिंक बसवले. छाती फुगवून म्हणते, "दोनशे-सव्वादोनशे असतीन." मग विचारलं, भांडे किती घासले. कपबशी जिथं प्याला तिथंच ठेवून उठला. जाता जाता म्हणे, "साऱ्या दुनियेले चालते. तुलेच काऊन खपत नाई?"

ठीक. पाहतेच दुनिया.

२१ फेब्रुवारी

दुनिया पाहून आली. आमच्याच ओळीतली अकरा घरं, विरजण मागायच्या निमित्तानं. आता आठवडाभर कढी.

प्रत्येक स्वयंपाकघरात सिंकपुढं काहीतरी ठेवलेलं. कुठं पाट, कुठं पालथं घमेलं. एका घरी टेलिफोनची जाडी पुस्तकं दोरीनं बांधून. बाकी सगळीकडं विटा. विटांवरचा छाप ओळखला — मिस्त्रीच्याच साईटवरच्या उरलेल्या. म्हणजे सिंक पण त्याचं, वीट पण त्याचीच!

एकीनं म्हणून त्याला बोलून दाखवलं नाही. म्हणे, आपलीच उंची कमी, काय करता. बावळट साऱ्या. मी पण त्यांच्यातलीच, बारा दिवस पाटावर उभी होती.

यशोदाबाई भेटली शेवटच्या घरी. आठ घरचे भांडे घासते. माझ्याहून चार बोटं बुटकी. तिच्या पिशवीत काय आहे म्हणून पाहिलं तर अर्धी वीट! फडक्यात गुंडाळलेली. म्हणे, काही घरी वीट ठेवू देत नाहीत, फरशीला ओरखडे पडतात, म्हणून स्वतःची घेऊन फिरते. चार वर्षं झाली म्हणे.

विरजणाची वाटी तिथंच विसरून आली. मी!

३ मार्च, सोमवार

मिस्त्री गिरडला गेला, टेकडीखाली कोणाचं तरी घर आहे, पाच दिवसांचं काम. त्याची बस निघाली असेल-नसेल, मी छन्नी-हातोडी काढली.

पोरं व्हायच्या आधी नऊ वर्षं त्याच्या हाताखाली सिमेंटचा माल कालवला आहे मी. डोळे मिटून कालवते. मोझॅकचं ते सिंक निघता निघेना. मजबूत काम करते, हे खरं. मजबूत आणि बिनडोक.

आठ घरं आटोपून यशोदाबाई आली. तिला म्हटलं, परात धर आणि घासल्यासारखं कर. केलं तिनं. मी नुसती पाहत राहिली. खांदे वर चढले की माप चूक. पाठ वाकली की माप चूक. दोघींनी आळीपाळीनं केलं. खांदे पण खाली आणि पाठ पण सरळ, अशी एकच जागा निघाली — कोपराखाली चार बोटं. तिथं कड यायला पाहिजे. तिच्यासाठी तिच्या कोपराखाली, माझ्यासाठी माझ्या. कोळशानं भिंतीवर दोन रेघा मारल्या. घर माझं, म्हणून माझी रेघ धरली. तीस इंच.

७ मार्च

झालं. विटांचं, वरून सिमेंटची घोटाई. हात फिरवला तर काचेवरून फिरवल्यासारखा.

भोक मध्ये नाही ठेवलं. मध्ये ठेवलं की पहिली वाटी नेमकी त्याच्यावर जाऊन बसते आणि तळं साचते. भोक मागच्या कोपऱ्यात, उतार तिकडं. पुढची कड जाड, आतल्या अंगाला वळवलेली — पाणी पोटाकडं यायच्या आधीच परत फिरते. खाली पायांसाठी चार इंच खाच, कारण बोटं भिंतीला अडली की माणूस मागं सरकते आणि मग कमरेतून वाकते. उजव्या हाताला उतरता कट्टा, धुतलेलं पालथं घालायला, त्याचं पाणी परत सिंकमध्येच. तोटी एवढी वर की मोठा गंज खाली उभा राहते.

यात हुशारी काही नाही. भांडे घासणाऱ्या कोणत्याही बाईला हे सगळं माहीत आहे. कोणी विचारलं नाही, बस.

८ मार्च

आला. पाहिलं. पिशवी खांद्यावरच.

"लहान पोराचं सिंक केलं काय वं?"

मी भाकरी थापत होती. थापत राहिली.

जेवण झाल्यावर मला वाटलं झोपला. पाहते तर लेव्हलची नळी लावून उतार तपासून राहिला! एकदा, दोनदा. मग गिलासभर पाणी ओतलं. एक थेंब थांबला नाही. नळी गुंडाळून ठेवली आणि बिडी पेटवून बाहेर गेला.

९ मार्च

भांडे घासले. ब्लाउज कोरडा.

२३ मार्च

परवा सुलोचनाबाई आल्या होत्या. शाळेत शिकवतात, नवीन बंगला बांधून राहिल्या, ओटा व्हायचा आहे. माझं सिंक पाहिलं, कडेवरून बोट फिरवलं, म्हणाल्या असंच पाहिजे, कोणी काढलं हे.

मिस्त्री म्हणते, "मीच काढलं, मॅडम. नवीन डिझाईन आहे."

मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी! तीन हातांवर! माझ्याकडं पाहिलं पण नाही. पाहिलं असतं तर चहा अंगावर पडला असता, हे त्याला माहीत होतं.

गेल्यावर म्हटलं, डिझाईन तुमचं काय? तर म्हणे, "बाईनं केलं म्हटलं तर कोण पैशे देते? काम घरातच आलं ना?"

दोन दिवस बोलली नाही. त्याला कळलंच नाही की मी बोलत नाही.

६ एप्रिल

सुलोचनाबाईंच्या इथं मिस्त्रीनं माती खाल्ली.

यावेळी टेप काढला म्हणे. कोपराखाली चार बोटं, माझंच ऐकून. पण कोपर कोणाचं? सुलोचनाबाईंचं! पाच फूट पाच. सुलोचनाबाई त्या सिंकमध्ये काय धुतात? चष्मा. भांडे घासते यशोदाबाई, हे तिच्या आठ घरांतलंच एक. ती पुन्हा अर्ध्या विटेवर.

यशोदाबाईनंच सांगितलं. संध्याकाळी ती तिथं भांड्यांना निघाली, तशी मी पण पायात चपला घातल्या आणि गेली. साधं सांगितलं — जी घासते तिचं माप घ्यायचं असते. सुलोचनाबाई बोलायला गोड. म्हणाल्या, "अगं, पण घर माझं आहे ना? कामवालीच्या मापाचा ओटा मी माझ्या घरात कसा बांधू?"

मिस्त्री मागोमाग आला होता, म्हणे, "तू चूप राय."

मी चूप राहिली. यशोदाबाई राहिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज चढलेला ऐकला. सिंकमध्ये अर्धे भांडे तसेच, हात पुसले, वीट फडक्यात बांधली आणि म्हणाली, "ज्याच्या मापाचं हाय, त्यानं घासावं, मॅडम."

आणि निघून गेली. मी पण तिच्या मागं. तिच्या घरापाशी आल्यावर तिला हसू फुटलं, मग मला.

९ एप्रिल

तीन दिवसांत सुलोचनाबाईंचा निरोप. ओटा तोडायचा आहे. यशोदाबाईला घेऊन या, माप द्यायला.

मिस्त्री मलाच विचारते, "तिनं जादू केली काय?" बोटाला सिमेंटच्या भेगा पडल्या आहेत, डोक्याला पडत नाहीत.

२१ एप्रिल

अण्णाजींकडून बोलावणं आलं मिस्त्रीला. धान्याचे मोठे व्यापारी, आता फ्लॅट बांधून राहिले, अठरा. अठराही ओटे आणि सिंक याच्याकडं. आनंदात जिलबी घेऊन आला.

विचारलं, उंची किती ठेवणार? म्हणे, "तीस इंच. तुह्याच मापाचे, अठराही."

जिलबी परत कागदात ठेवली. आधी दोनशे सिंक स्वतःच्या पट्ट्यावर बसवले, आता अठरा माझ्या कोपरावर! तिथं कोण राहायला येणार, कोणती बाई, केवढी, कोणाला ठाऊक? समजावलं — सिंक ओट्यात पक्कं जोडूच नका. ओट्यापासून वेगळं ठेवा. माणसं राहायला आली की घासणारीला उभं करा, परात द्या, मग विटा चढवा. एका दिवसाचं काम. म्हणे, असं कुठं होते का, साऱ्या ओट्याची लेव्हल एक पाहिजे, दिसाले बरं दिसते.

दिसायला! ही डायरीवरची बाई याच्याच डोक्यातून निघाली असेल.

२८ एप्रिल

मिस्त्री पुलगावला गेला होता फरशी पाहायला. दुपारी अण्णाजी स्वतः दारात. धोतर, छत्री, मागं यशोदाबाई. त्यांच्या घरचे भांडे हीच घासते, मला माहीत नव्हतं.

म्हणाले, ही रोज काहीतरी सांगून राहिली, म्हणून पाहायला आलो. पाहिलं. वाकून पायाची खाच पाहिली. मग मला म्हणाले, परात घ्या. मी घेतली. यशोदाबाईनं घेतली. भिंतीवरच्या दोन रेघा दाखवल्या. अठरा घरांचं काय करायचं तेही सांगितलं, मिस्त्रीला सांगितलं होतं तसंच. फरक एवढाच की यांनी ऐकलं.

विचारलं, "मिस्त्री सांगत होता ते त्याचं डिझाईन, ते हेच काय?"

मी म्हटलं, हेच.

छत्री काखेत मारली. मग म्हणाले, "सिंकचं काम तुमच्याकडं. अक्षय तृतीयेपासून साईटवर येजा. हाताखाली मिस्त्री कोणता घ्याचा, थे तुमीच ठरवा."

ते गेल्यावर यशोदाबाईनं पिशवीतून अर्धी वीट काढली आणि माझ्या ओट्याखाली ठेवून दिली. म्हणे, राहू दे इथंच.

३० एप्रिल, बुधवार

हे पान उघडंच ठेवत आहे, सिंकच्या कट्ट्यावर, तुमच्या बिडीच्या बंडलाखाली. अक्षर लावून लावून वाचा, घाई नाही.

रूपराव. नवऱ्याचं नाव बावीस वर्षांत उखाण्याशिवाय घेतलं नाही, आज लिहिलं. मागची पानं वाचली तरी चालेल. सगळं खरं आहे.

काम मला मिळालं आहे. मिस्त्री मी. मला हाताखाली माणूस पाहिजे. तुमच्यासारखी घोटाई वर्ध्यात कोणाची नाही, हे मी कोणाला सांगितलं नाही, इथं लिहिते. पण माप मी घेणार, आणि कोणी विचारलं तर कोणाचं डिझाईन ते तुम्ही सांगणार, माझ्यासमोर, मोठ्यानं.

आज मी भांडे घासले नाहीत. सकाळपासूनचे सगळे आहेत. तुम्ही घासा. माझं सिंक तुम्हाला खाली पडेल, पाठ भरून येईल, तेव्हा दोनशे बायका आठवा. भिंतीवर वर तिसरी रेघ दिसेल. ती तुमच्या कोपराची आहे, तुम्ही झोपेत असताना मोजली. हो म्हणालात तर त्या मापाचं दुसरं बांधू, शेजारीच.

शनिवारी दिवे लागायच्या आत सांगा. रविवारी अक्षय तृतीया आहे, सकाळी सातला मी साईटवर उभी असेन. शनिवारी उत्तर आलं नाही तर हाताखाली दुसरा माणूस घेईन.